‘दोनच सेंटीमीटर’ म्हणे!

‘ताई, मला 39 वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. परवा रात्री अकरापासून ओटीपोटात कळा यायला लागल्या आणि कंबर इतकी धरली की उभं राहवेना. पहाटे तीनला दवाखान्यात गेलो. सिस्टरने तपासलं आणि म्हणाली, “दोनच सेंटीमीटर आहे, या काही खऱ्या कळा नाहीत, घरी जा.” परत येताना गाडीत मी रडले. काल रात्री पुन्हा तेच, पण या वेळी गेलोच नाही. सकाळी सगळं थांबलं. मोठी बहीण म्हणते, “मला तर शेवटपर्यंत काही जाणवलंच नव्हतं. तुझं आत्ताच हे, मग पुढे काय करशील?” खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडलाय. सुरुवातच सहन होत नसेल तर मी कमकुवत आहे का? की मला काही वेगळंच होतंय? नवरा म्हणतो, बॅग गाडीतच राहू दे. मला ती बॅग बघून लाज वाटते.’

– एक पहिलटकरीण

(हे उत्तर मी पत्र आलं त्याच संध्याकाळी तिला पाठवलं होतं. अशा पत्रांना सदराच्या तारखेपर्यंत थांबवून चालत नाही. इथे ते जवळजवळ तसंच देते आहे.)

तुला ‘तू’च म्हणते.

आधी एक कबुली. तुझ्या सिस्टरने म्हटलं ते वाक्य मी स्वतः लेबर रूममध्ये किती जणींना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. मी नोकरीला लागले तेव्हा गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय हे आम्ही सेंटीमीटरमध्ये कमी आणि बोटांत जास्त बोलायचो. ‘एकच बोट आहे गं, घरी जा.’ चार वर्षं हे म्हणत होते. मग माझी स्वतःची पहिली वेळ आली. रात्री दोन वाजता मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसून बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरला होता आणि माझी खात्री होती की आता बाळ इथेच होणार. रोज तपासण्या करणारी बाई मी! दवाखान्यात मैत्रिणीनेच तपासलं. हातमोजा काढत म्हणाली, ‘दीड बोट.’ मी तिच्याकडे असं बघितलं, की ती पुढे काही बोललीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की तुला जे दुखलं ते दुखलं. सेंटीमीटर हे गर्भाशयाच्या तोंडाचं माप आहे, दुखण्याचं नव्हे. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणाविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतच्या काळाला सुरुवातीचा, सुप्त टप्पा म्हटलं आहे. आणि गंमत बघ, त्या टप्प्याच्या व्याख्येत पहिलीच खूण कोणती आहे? गर्भाशयाची वेदनादायक आकुंचनं. म्हणजे ‘सुप्त’ आहे ते तोंडाचं उघडणं. दुखणं सुप्त असतं असं कुणीच म्हटलेलं नाही. त्याच शिफारशींत हेही आहे, की या टप्प्याला ठरावीक वेळ नाही आणि तो बाईबाईगणिक खूप वेगळा असू शकतो, हे बायकांना सांगावं. तुला ते कुणी सांगितलं नाही. पहाटे तीनला एकटीवर चार जणींचा भार असताना सिस्टरकडून ते राहून जातं, हे मी तिची बाजू घेऊन म्हणते. पण ‘खऱ्या नाहीत’ हे शब्द तिने वापरायला नको होते.

आता दोन सेंटीमीटरमागे काय काय झालेलं असतं ते ऐक. गर्भाशयाचं तोंड म्हणजे दारासारखं उघडणारं काही नसतं. ती एक मान असते, साधारण तीन-चार सेंटीमीटर लांब, जाड आणि घट्ट. नऊ महिने तिचं काम मिटून राहायचं. उंच गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालताना काय होतं आठव. आधी गळा ताणला जातो, आखूड होतो, पातळ होतो, आणि मग एकदम डोकं बाहेर येतं. पहिल्या बाळंतपणात हे बरंचसं याच क्रमाने होतं. आधी मान मऊ पडते, मागे असते ती पुढे सरकते, आखूड होत होत कागदासारखी पातळ होते आणि मग तोंड वेगाने उघडायला लागतं. तुझ्या परवाच्या रात्रीतलं कितीतरी काम या मानेवर झालेलं असणार आणि ते ‘दोन’ या आकड्यात दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी तपासलं तर फक्त ‘किती सेंटीमीटर?’ विचारू नको. ‘मान किती पातळ झालीय? डोकं खाली आलंय का? बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे?’ असं विचार. उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागतं.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला, कारण तू कंबरेचं लिहिलं आहेस. बाळाचं डोकं खाली असलं तरी त्याची पाठ तुझ्या पाठीकडे असेल, तर डोक्याचा मागचा कठीण भाग तुझ्या कमरेखालच्या हाडावर दाबत राहतो. मग कळ पोटात कमी आणि पाठीत जास्त कळते, आणि कळ ओसरली तरी पाठ पूर्ण मोकळी होत नाही. अशा वेळी सुरुवातीचा टप्पा लांबतो, कळाही अनियमित येतात. बहुतेक बाळं पुढे आपोआप वळतात. पण रात्रभर अशी कंबर धरलेल्या बाईला कुणी म्हणालं की ‘अजून कळा कुठे आहेत?’, तर तिने काय उत्तर द्यावं? मात्र कंबर दुखायला बाळ वळलेलं नसायलाच हवं असंही नाही. गर्भाशयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या ठिकाणी शिरतात, तिथेच खालच्या पोटाच्या, कमरेच्या आणि मांडीच्या वरच्या भागाच्या नसाही पोचतात. मेंदूला नेमकं कळत नाही कुठून आलंय. म्हणून दुखतं गर्भाशय आणि ओरडते कंबर, कुणाची मांडी.

लेबर रूममध्ये मी बायकांना विचारायचे, ‘कसं दुखतंय?’ एकीचं उत्तर दुसरीशी जुळायचं नाही. ‘पाळीसारखंच, पण कुणीतरी आवाज वाढवलाय.’ ‘जुलाब होण्याआधी मुरडा येतो तसं.’ ‘पोटाभोवती पट्टा आवळतंय कुणी.’ एक शिक्षिका होती, ती म्हणाली, ‘दुखत नाहीये, पण बोलता येत नाहीये.’ तीही कळच. सुरुवातीच्या कळा वीस-तीस सेकंदांच्या असू शकतात, मध्ये दहा-वीस मिनिटं जातात, मग मध्येच दोन लागोपाठ येतात आणि पुन्हा तासभर काही नाही. सोबत पोट बिघडतं, मळमळतं, थंडी नसताना दातावर दात आपटतात. चिकट, गुलाबीसर स्राव जातो. यातलं सगळं प्रत्येकीला होत नाही.

कळेचा आकार मात्र ओळखण्यासारखा आहे. ती लांबून येते, चढते, टोकाला दहा-पंधरा सेकंद थांबते आणि उतरते. पोटावर हात ठेवलास तर आधी वरचा भाग कपाळासारखा टणक होतो आणि ओसरल्यावर गालासारखा मऊ पडतो. हे मऊ पडणं महत्त्वाचं आहे, पुढे सांगते का.

‘खोट्या कळा’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. गर्भारपणात अधूनमधून पोट आवळतं, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली की थांबतं, त्याला हे नाव पडलं आहे. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1872 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून दवाखान्यात त्याचंच नाव घेतात. पण तुझं वर्णन वाचून मला तसं वाटत नाही. रात्रभर चालणाऱ्या, कंबर धरणाऱ्या, सकाळी थांबून रात्री परत येणाऱ्या कळा ही पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या टप्प्याची अगदी ओळखीची चाल आहे. अर्थात तुला न तपासता मी पैज लावणार नाही.

रात्री येऊन सकाळी का थांबल्या? अंधारात, अंथरुणात, कुणी बघत नसताना शरीर सैल असतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन सुखाने काम करतं. ट्यूबलाइट लागली, अनोळखी माणसं आली, भीती वाटली की ॲड्रेनलिन चढतं आणि सुरुवातीच्या कळा त्याने मंदावू शकतात. दवाखान्याच्या दारात कळा गायब झालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात, ओशाळून नवऱ्याकडे बघणाऱ्या. त्यांचं काही चुकलेलं नसतं.

आता तुझ्या बहिणीचं. तिला शेवटपर्यंत जाणवलं नाही, हे खरंच असेल. अशा बायका असतात. पण तिचं शरीर, तिचं बाळ, त्याची पाठ कुठे होती, तिची पाळी कशी असायची, हे सगळं वेगळं. रोनाल्ड मेलझॅक नावाचे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ होते, दुखण्यावर आयुष्यभर काम केलेले. दुखणं शब्दांनी मोजायची त्यांची प्रश्नावली 1975 ची, आजही वापरतात. 1980 च्या दशकात त्यांनी बाळंतिणींना विचारून पाहिलं तेव्हा दिसलं, की एकीच्या आणि दुसरीच्या दुखण्यात प्रचंड फरक असतो, पहिलटकरणींना सरासरीने जास्त दुखतं, आणि ज्यांना पाळीत फार त्रास होतो त्यांना बाळंतपणातही जास्त दुखण्याकडे कल असतो. तुला पाळीत आडवं व्हावं लागायचं का? असेल तर हे उत्तर बहिणीला दाखव.

मेलझॅकना आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बाळंतपणाचे वर्ग केलेल्या, श्वास शिकलेल्या बायकांनाही दुखतंच. तयारीने थोडं कमी होतं, इतकंच. हे मी का सांगते? कारण ‘भीतीने शरीर आवळतं आणि आवळल्याने दुखतं’ हा विचार ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने 1930 च्या दशकात मांडला, त्यात तथ्यही आहे, पण हल्ली त्याचा अर्थ उलटाच काढतात. बाईला दुखलं, म्हणजे ती घाबरली असणार, म्हणजे तिचंच चुकलं. भीती कमी झाली तर बरं वाटतं, जरूर. पण गर्भाशय हा मोठा स्नायू आहे आणि तो पूर्ण जोर लावून आवळतोय, त्याच्या खालची मान ताणली जातेय. दुखायला एवढं कारण पुरे आहे.

‘मग पुढे काय?’ इथे मी गोड बोलणार नाही. पुढच्या कळा जास्त जोराच्या, लांब आणि जवळजवळ असतील. पण दुखणं आणि पेलणं या दोन गोष्टी सोबत वाढतात की नाही, हे सुरुवातीवरून सांगता येत नाही. सुरुवातीला रडून बेजार झालेल्या बायका पुढे डोळे मिटून, एका लयीत डुलत शांतपणे जाताना मी पाहिल्या आहेत. कारण पुढे कळांना ताल येतो, शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, सोबतीला माणूस असतो, आणि काहीतरी घडतंय हे दिसत असतं. सुरुवातीला यातलं काहीच नसतं. अंधार, अनिश्चितता, आणि वर ‘हे काहीच नाही’ म्हणणारे लोक. माझ्या मते कित्येक जणींसाठी हाच सगळ्यात एकाकी भाग असतो.

आणि पुढे औषधं आहेत. बधिर करणारी एपिड्युरल तुझ्या दवाखान्यात मिळते का, रात्री मिळते का, हे आजच फोन करून विचार. अमुक सेंटीमीटर झाल्याशिवाय द्यायचीच नाही, ही समजूत जुनी आहे. लवकर दिल्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की बाळंतिणीने मागणं हेच द्यायला पुरेसं कारण आहे, दुसरी काही वैद्यकीय अडचण नसली म्हणजे झालं. घेणं न घेणं तुझं. पण ते ‘सहन झालं नाही’ या खात्यात लिहायचं नाही.

आता आजच्या रात्रीचं. सुरुवातीच्या टप्प्याचा खरा चोर दुखणं नसून जागरण आहे. दोन रात्री जागून काढल्या की तिसऱ्या रात्री खरी गरज असते तेव्हा अंगात काही उरत नाही. म्हणून आज दुपारीच झोप. रात्री कळ आली तरी घड्याळ हातात घेऊन बसू नको. मोबाइलमध्ये कळा मोजायचं ॲप असेल तर ते नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाक. दोन कळांमध्ये डोळा लागला तर लागू दे, दहा मिनिटांची झोपही झोपच. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. हलकं काही खा, घोटघोट पाणी पी, आणि लघवी आल्यासारखी वाटो न वाटो, दर दोन तासांनी जाऊन ये. भरलेलं मूत्राशय डोक्याच्या वाटेत येतं.

कंबर धरली की आडवी पडून सोसत राहू नको. टेबलावर हात टेकून पुढे झुक, किंवा गुडघ्यांवर बसून पलंगावर डोकं ठेव, म्हणजे बाळाचं वजन पाठीवरून पुढे जातं. कोमट पाण्याचा शॉवर पाठीवर घे. शेकायची पिशवी चालेल, पण पोळण्याइतकी गरम नको. आणि नवऱ्याला एक काम शिकव: कमरेखाली, दोन कुल्ल्यांच्या मध्ये वरच्या बाजूला जे सपाट त्रिकोणी हाड आहे, त्यावर कळ सुरू झाली की तळहाताची टाच ठेवून जोराने दाबायचं आणि कळ उतरेपर्यंत सोडायचं नाही. चोळायचं नाही, दाबायचं. बहुतेक नवरे घाबरून हलकेच दाबतात. त्याला सांग, अजून जोरात. कळ चालू असताना त्याने प्रश्न विचारायचे नाहीत. ‘कसं वाटतंय?’ही नाही.

श्वासाचं फार मोठं शास्त्र करू नको. बाहेर सोडताना लांब सोड, खांदे खाली, जबडा सैल. कण्हावंसं वाटलं तर खालच्या आवाजात कण्ह. गोळी घ्यायची असेल तर पॅरासिटामॉल साधारणपणे चालते, पण तुझ्या डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी घरातल्या डब्यातून काढून घेऊ नको, या दिवसांत ती बाळाला चालत नाही.

कळा मोजायच्या तेव्हा अशा मोजा: एक कळ सुरू झाली तिथून दुसरी सुरू होईपर्यंत. दोन दहाला सुरू झाली, दोन अकराला संपली, पुढची दोन अठराला आली, तर अंतर आठ मिनिटं. पुष्कळ जण मधली सुट्टी मोजतात आणि फोनवर सात सांगतात. पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण ठोकताळा असा, की दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली तर निघायचं. तुझ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल किंवा दवाखाना लांब असेल तर ठोकताळा गेला खड्ड्यात, लवकर निघा.

आणि तू विचारलंस, ‘काही वेगळंच होतंय का?’ त्याचं उत्तर इथे आहे, हे नवऱ्यालाही वाचायला दे. बाळाची हालचाल कमी वाटली, तर थांबायचं नाही, कळा असोत नसोत. पाणी गेलं तर कळवायचं; ते हिरवट, तपकिरी किंवा रक्ताळ असेल तर फोन करत करतच निघायचं. गुलाबी चिकट स्राव वेगळा आणि पाळीसारखं ताजं लाल रक्त वेगळं. दुसरं झालं की लगेच. पोट टणक होऊन मऊ पडतच नसेल, दुखणं ये-जा न करता सलग राहत असेल, तर तेही लगेच. म्हणूनच मघाशी मऊ पडण्याचं सांगितलं. ताप, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधुक किंवा चमकतं दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, यांतलं काहीही असलं तरी तसंच. (तुझा आठवडा 39 वा म्हणून एवढ्यावर भागतं. 37 च्या आधी नियमित कळा येणारीने आणि आधी सिझर झालेलीने घरी वाट बघत बसू नये, आधी फोन करावा.)

याशिवाय एक कारण आहे जे कुठल्या तक्त्यात नसतं: तुला वाटतंय की काहीतरी बरोबर नाही. तेवढ्यावर जायला हरकत नाही. तिसऱ्यांदा गेलीस तरी. घरी पाठवण्यामागे एक बरं कारण असतं, फार लवकर भरती झालं की सलाइनमधून कळा वाढवण्यासारखे उपाय लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते. पण पाठवताना ‘परत कधी यायचं?’ हे स्पष्ट ऐकल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको. आणि कुणी पुन्हा ‘खऱ्या नाहीत’ म्हणालंच, तर एवढंच विचार: ‘मग यांना काय म्हणायचं आणि आज रात्री दुखण्यावर काय करू?’ हा प्रश्न मला एका बाईने विचारला होता. मला उत्तर द्यावं लागलं.

बॅग गाडीतच राहू दे, नवरा बरोबर सांगतोय. फक्त त्यातली तपासण्यांची फाइल वर आणून ठेव, दवाखान्याचा रात्रीचा नंबर तिच्यावरच लिहिलेला असतो.